विजयालक्ष्मी पंडित : राजदूत, राज्यपाल आणि आजीच्या ट्रंकेतलं कात्रण

रातराणी

गेल्या महिन्यात आजीची लोखंडी ट्रंक रिकामी केली. तळाला घातलेल्या पेपरखाली एक कात्रण होतं, घडीवर फाटायला आलेलं. सप्टेंबर १९५३ चं. फोटो इतका पुसट की चेहरा नीट कळतच नाही, पांढरे केस आणि डोक्यावरून घेतलेला पदर तेवढा दिसतो, आणि खाली आजीने निळ्या शाईने लिहिलंय, "आपल्या पंडितांची सून."

आजी कोकणातली, रत्नागिरीकडची. तिने शाळा चौथीतच सोडली पण डोळे होते तोवर पेपर ती स्वतः वाचायची. मला आधी कळेना की ही कोण पंडितांची सून, मग बातमी भिंग लावून वाचली तेव्हा लक्षात आलं की विजयालक्ष्मी पंडित संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या त्याची बातमी आहे. जगात त्या पदावर बसलेली पहिली बाई. दुसरी बाई बसायला १९६९ उजाडलं, त्या लायबेरियाच्या अँजी ब्रूक्स.

आपल्याला शाळेत काय शिकवलं? नेहरूंची बहीण. बास. मीसुद्धा चाळीस वर्षं एवढंच धरून बसले होते. त्या आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या हे तर मला कात्रण सापडल्यावर वाचायला लागले तेव्हा कळलं, आणि कळल्यावर वाईट वाटलं. म्हणून धागा काढतेय. मी इतिहासाची अभ्यासक नाही, महिनाभर लायब्ररीत बसून जे वाचलं ते लिहितेय, चुकलं तर हक्काने सांगा.

आधी त्या "पंडितांची सून" बद्दल. जन्म १८ ऑगस्ट १९००, अलाहाबाद, मोतीलाल नेहरूंची मुलगी, नाव स्वरूप. घरी सगळे नान म्हणायचे. १० मे १९२१ ला लग्न झालं ते रणजित सीताराम पंडित यांच्याशी, म्हणजे मूळ कोकणातल्या आणि राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यात. (१० मे म्हणजे १८५७ च्या मेरठच्या उठावाची तारीख, त्यात लग्नाला झाडून सगळे काँग्रेसवाले जमलेले, त्यामुळे अलाहाबादच्या गोऱ्या साहेबांना वाटलं काहीतरी कट शिजतोय!) आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे लग्नात नवरीचं नाव बदललं, स्वरूपची विजयालक्ष्मी झाली. म्हणजे जग ज्या नावाने त्यांना ओळखतं ते नाव आणि आडनाव दोन्ही मराठी सासरचं. आजीने उगाच हक्क सांगितला नव्हता.

रणजितराव बॅरिस्टर, संस्कृतचे जाणकार. वकिली सोडून चळवळीत पडले, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, आणि तुरुंगात बसून कल्हणाच्या राजतरंगिणीचं इंग्रजीत भाषांतर केलं. ते १९३५ साली छापून आलं. मुद्राराक्षस आणि ऋतुसंहारही त्यांनी केलं. बाई १९३७ च्या निवडणुकीत निवडून येऊन संयुक्त प्रांताच्या मंत्री झाल्या, स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य खातं. इंग्रजी अमलात मंत्रिपदावर बसलेली ती पहिली भारतीय बाई. १९३९ ला युद्धाच्या प्रश्नावर सगळी काँग्रेस मंत्रिमंडळं बाहेर पडली तशा त्याही पडल्या, मग पुन्हा तुरुंग.

आणि मग १९४४. इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले होते. रणजितरावांची तब्येत तुरुंगात पार ढासळली, सुटून आले ते आजारीच, आणि १४ जानेवारी १९४४ ला गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मालमत्ता एकत्र कुटुंबाची, पदरी तीन मुली, मुलगा नाही. दिराने मालमत्तेवर हक्क सांगितला आणि या बाईंच्या हातात काहीही आलं नाही. मोतीलाल नेहरूंची मुलगी, माजी मंत्री, चव्वेचाळिसाव्या वर्षी विधवा आणि स्वतःचं असं घर नाही, उत्पन्न नाही. भाऊ तेव्हा अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या अमेरिकेला गेल्या, दोन मुली तिथे कॉलेजात होत्या, आणि व्याख्यानं देत फिरल्या. पुढची सगळी कारकीर्द इथून सुरू होते. म्हणून मला "नेहरूंची बहीण" हे उत्तर पुरत नाही. ओळख खरी आहेच, पण त्या वर्षी बहीण असण्याचा काही उपयोग नव्हता, उलट सासर-माहेर दोन्हीकडचं छप्पर उडालेलं होतं.

पुढचं टंकते आहे, तोवर तुम्ही लिहा.

घाटवाट

छान सुरुवात. कात्रणाचा फोटो टाका ना. नाव बदलल्याचं माहीतच नव्हतं.

काळा_डगला

रातराणीताई, वारसाहक्काच्या मुद्द्यावर थोडं लिहितो कारण रोजचं काम तेच आहे. त्या काळी मिताक्षर पद्धतीत, म्हणजे जुन्या हिंदू कायद्यात, एकत्र कुटुंबाची मालमत्ता पुरुषांच्या रांगेनेच पुढे जायची, जन्मतः हक्क मुलाला, मुलीला नाही. १९३७ च्या कायद्याने विधवेला तिच्या हयातीपुरता मर्यादित वाटा दिला होता पण त्यातही पळवाटा बऱ्याच होत्या, आणि सासरच्यांनी अडवलं तर ज्या बाईच्या हातात कागद नाहीत तिने कोर्टात वर्षानुवर्षं झगडायचं ते कशाच्या जिवावर? माझ्याकडे आजही अशा बायका येतात, सातबाऱ्यावर नाव लावायला दीर तयार नसतो, आणि कायदा बाजूने असूनही चपला झिजतात.

हिंदू वारसा कायदा आला १९५६ ला. मुलीला जन्मतः वाटेकरी करायची दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ ला केली आणि देशभर ती २००५ ला आली. म्हणजे पंडितांच्या तीन मुलींवर जी वेळ आली ती कायद्याने पूर्ण बंद व्हायला साठ वर्षं गेली. त्या प्रसंगाची किंमत समजायला हा हिशोब लक्षात ठेवावा.

माळरान

लेख मन लावून लिहिलाय हे दिसतंच, पण मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. भाऊ पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्रीही तोच, आणि बहीण मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन अशी एकामागून एक राजदूत. मग राज्यपाल. मग भावाचाच मतदारसंघ. याला घराणेशाही नाही तर काय म्हणायचं? दुसऱ्या कुणाला या संधी मिळाल्या असत्या का? मी त्यांना कमी लेखत नाहीये पण हा प्रश्न टाळून पुढे गेलं तर लेख आरतीसारखा होईल.

दुसरं म्हणजे मॉस्कोत त्यांना फार काही जमलं नाही. स्टालिनने त्यांना एकदाही भेट दिली नाही. त्यांच्यानंतर राधाकृष्णन गेले त्यांना भेटला.

रातराणी

माळरान, प्रश्न बरोबर आहे आणि टाळायचा नाहीये. भाऊ पंतप्रधान नसता तर ऑगस्ट १९४७ मध्ये मॉस्कोची नेमणूक त्यांची झाली असती का, मला नाही वाटत. पण भावाने नेमायच्या आधीच्या दोन गोष्टी बघा.

पहिली १९४५. सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद ठरवायला परिषद भरली होती, एप्रिल ते जून. भारताचं अधिकृत शिष्टमंडळ इंग्रज सरकारने नेमलेलं, रामस्वामी मुदलियार, फिरोजखान नून वगैरे. बाईंकडे काही पद नाही, आत बसायचा पास नाही. त्यांनी बाहेर पत्रकार परिषदा घेऊन सांगितलं की आत बसलेले लोक भारताचे प्रतिनिधी नाहीत, भारताचे नेते तुरुंगात आहेत. आणि अमेरिकन पेपर त्यांचं म्हणणं छापायला लागले. हे कुणी दिलेल्या खुर्चीवरून केलेलं नाही.

दुसरी १९४६ ची, आणि ही मला सगळ्यात जास्त भावली. तोवर हंगामी सरकार आलं होतं, म्हणजे इथे भाऊ होताच, पण देश अजून स्वतंत्र झालेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांना जमीन कुठे घ्यायची, राहायचं कुठे यावर बंधनं घालणारा कायदा केला, आपण त्यांच्याशी व्यापार तोडला आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. शिष्टमंडळाच्या प्रमुख बाई. समोर दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान यान स्मट्स! म्हणजे ज्याने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेचा मसुदा लिहिण्यात हात घातला तो माणूस, जगभर मान असलेला, आणि तिकडे गांधीजींचा जुना प्रतिपक्षी. त्याचं म्हणणं की हा आमचा अंतर्गत मामला आहे, तुम्हाला बोलायचा अधिकार नाही. ब्रिटन, अमेरिका त्याच्याच बाजूला.

८ डिसेंबर १९४६ ला न्यूयॉर्कमध्ये मतदान झालं. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश लागत होते. आता वहीवर हा हिशोब करून बघा, मी केला. एकूण मतं पडली ४७, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ३१.३३. म्हणजे ३२ लागणारच. एक, फक्त एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर ठराव पडला असता. महासत्ता विरोधात असताना एकेका छोट्या देशाच्या माणसाला गाठून, समजावून ती मतं जमवली होती. गुलाम देशाच्या शिष्टमंडळाने.

आणि मतदान झाल्यावर काय केलं तर त्या उठून थेट स्मट्सच्या जागेपाशी गेल्या. गांधीजींनी निघताना बजावलं होतं की त्याच्याशी कडवटपणा ठेवू नको. त्यांनी त्याला सांगितलं की माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर माफ करा. आठवणींत त्यांनी लिहिलंय की म्हाताऱ्याने त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाला की तुझा विजय पोकळ आहे, यामुळे मी पुढची निवडणूक हरेन आणि तुमच्या हातीही काही लागणार नाही. १९४८ ला तो खरंच हरला, आणि त्याच्या जागी आले ते वर्णभेदाला कायद्याचं रूप देणारे लोक. म्हणजे त्याचं म्हणणं एका अर्थी खरं ठरलं. पण त्याच ठरावाने दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न दरवर्षी संयुक्त राष्ट्रांच्या टेबलावर यायला लागला आणि पुढे कधी उतरला नाही.

मॉस्कोबद्दल सहमत. तिथे जमलं नाही. तेव्हा रशियनांना वाटायचं की भारत म्हणजे अजून इंग्रजांचंच शेपूट, त्यामुळे दारं बंद होती. १९५० च्या जानेवारीत राधाकृष्णन यांना भेट मिळाली तोवर हवा बदलायला लागली होती. वर वकिलातीसाठी स्वीडनहून फर्निचर आणलं म्हणून इकडे टीका झाली ती वेगळीच. युद्धानंतरच्या मॉस्कोत खुर्च्या-टेबलं तरी कुठून मिळणार होती, पण गरीब देशाच्या लोकांना ते खटकणं मी समजू शकते.

माळरान

३१.३३ चा हिशोब मी पण करून बघितला, बरोबर आहे. हे कुठेच वाचलं नव्हतं. घराणेशाहीचा मुद्दा सोडत नाही पण हे मान्य.

तळटीप

थोडी भर. वॉशिंग्टनच्या काळातलं (१९४९ ते १९५१, सोबत मेक्सिकोही त्यांच्याकडेच होतं) गव्हाचं प्रकरण लिहायला हवं. १९५० ला आपल्याकडे पाऊस दगा देऊन गेला, पूर, टोळधाड, बिहारकडे दुष्काळाची चिन्हं, रेशनवरचं धान्य कमी करायची वेळ आलेली. डिसेंबर १९५० मध्ये बाईंनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांना भेटून वीस लाख टन धान्य मागितलं. आणि नेमकं तेव्हाच कोरियाच्या युद्धावरून नेहरूंचं आणि अमेरिकेचं वाजलेलं. तिथले खासदार म्हणायचे की आम्हाला शहाणपण शिकवणाऱ्यांना आम्ही गहू का द्यावा? महिनोन्महिने ते बिल रखडलं. शेवटी जून १९५१ मध्ये ट्रुमनची सही झाली, एकोणीस कोटी डॉलर, ते पण दान नाही तर कर्ज म्हणून.

राजदूताचं काम खरं असं असतं. दिल्लीहून रोज अमेरिकेवर टीका होतेय, आणि तुम्ही त्याच अमेरिकेच्या दारात धान्यासाठी उभे, आणि उभं राहताना देशाची मान खाली जाऊ द्यायची नाही.

आता आपल्या विषयाकडे, राज्यपाल. एक गंमतशीर गोष्ट लक्षात आली का कुणाच्या? महाराष्ट्र राज्य झाल्यावरचे पहिले तिन्ही राज्यपाल आधी राजदूत होऊन आलेले होते. श्रीप्रकाश हे पाकिस्तानातले भारताचे पहिले उच्चायुक्त. मग १९६२ ला सुब्बरायन, ते इंडोनेशियात राजदूत होते, सहा महिन्यांतच ऑक्टोबरमध्ये पदावर असताना वारले. आणि तिसऱ्या विजयालक्ष्मी पंडित. पुढेही अली यावर जंग आले, ते इजिप्त, युगोस्लाव्हिया, फ्रान्स, अमेरिका एवढ्या ठिकाणी राजदूत राहिलेले, १९७६ ला पदावर असतानाच गेले, वांद्र्याची श्रवण संस्था त्यांच्याच नावाची. नंतर अलेक्झांडर, ते पण आधी लंडनला उच्चायुक्त. मुंबईत परदेशी पाहुणे, वकिलाती, व्यापारी यांची सतत ये-जा, म्हणून अशा माणसांना इथे पाठवत असावेत असं माझं मत.

अवांतर: लंडनला बाईंच्या आधी उच्चायुक्त कोण होते ते बघा. आपले बाळासाहेब खेर! मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आताच्या भाषेत मुख्यमंत्री. ते १९५२ ते ५४ लंडनला होते आणि त्यांच्याकडून सूत्रं विजयालक्ष्मीबाईंनी घेतली ती थेट १९६१ पर्यंत. खेर मुंबईहून लंडनला गेले आणि बाई लंडनहून पुढे मुंबईत आल्या.

घाटवाट

पहिले तिघेही राजदूत! हे एमपीएससीच्या पोरांना विचारलं पाहिजे.

जुनी_मुंबई

वडील तेव्हा सचिवालयात होते (मंत्रालय हे नाव नंतरचं), त्यामुळे ६२ ते ६४ हा काळ आमच्या घरात खूप बोलला जायचा. तारखा लावून बघितल्या तर अंगावर येतं. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला. नोव्हेंबरात कृष्ण मेनन यांनी संरक्षणमंत्रिपद सोडलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला ते तेव्हाचंच. इकडे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, आणि आठवडाभरात, २८ नोव्हेंबरला, विजयालक्ष्मीबाईंनी राज्यपालपदाची शपथ घेतली. म्हणजे राज्य जेमतेम अडीच वर्षांचं, सीमेवर नामुष्की, मुख्यमंत्री नवा आणि राज्यपालही नवा.

बरोबर वर्षाने काय झालं? २२ नोव्हेंबर १९६३ ला तिकडे केनेडींची हत्या, आपल्याकडे बातमी पोचली तेव्हा २३ तारीख उजाडत होती, आणि २४ ला कन्नमवार गेले. पदावर असताना. वडील सांगायचे की सचिवालयात लोक एका बातमीतून सावरले नव्हते तोवर दुसरी येऊन थडकली, फायली तशाच उघड्या टाकून माणसं जिन्यात उभी होती, कुणाला काही सुचत नव्हतं. चांद्याकडचा गरिबीतून वर आलेला माणूस, लहानपणी पेपर विकलेले, त्यांच्याबद्दल शिपायांपासून सगळ्यांना आपुलकी होती.

मुख्यमंत्री गेला की मंत्रिमंडळ संपतं, आणि तेव्हा राज्यपालाचं पद कागदावरचं राहत नाही. बाळासाहेब सावंत (पी. के. सावंत) यांच्याकडे दहा-बारा दिवस कारभार होता आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले ते अकरा वर्षं राहिले. हे सगळं एकही दिवस गोंधळ न होता पार पडलं. आज आपण राजभवनाच्या नावाने जे काय काय बघतो त्या पार्श्वभूमीवर मला हे फार मोठं वाटतं. त्यांचं नाव त्या काळात वादात आलं नाही आणि म्हणूनच आपण विसरलो.

मलबार टेकडीच्या टोकाचं ते राजभवन मी आतून एकदाच बघितलंय, तिकीट काढून सकाळी फिरवतात तेव्हा. तिन्ही बाजूंनी समुद्र. पाण्याचा आवाज खिडकीत सतत असतो. त्या २७ मे १९६४ ला राज्यपालच होत्या, म्हणजे भाऊ गेला तेव्हा पद हे होतं. त्या बागेत उभं राहून मला तेवढंच आठवत होतं.

वाचनवेडी

जुनी_मुंबई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मला एक विचारायचंय, की राज्यपालपद त्यांनी मुदत संपायच्या आत का सोडलं? दोनच वर्षं होतात.

रातराणी

दोनही नाही पूर्ण, ऑक्टोबर १९६४ ला सोडलं. नेहरूंच्या जाण्याने फुलपूर रिकामं झालं होतं, तिथली पोटनिवडणूक लढवायला. नोव्हेंबरात निवडून आल्या. माळरान म्हणतील की भावाचाच मतदारसंघ, हो, भावाचाच. पण मला ते असं दिसतं की राजभवनाचं आयुष्य त्यांना मानवण्यासारखं नव्हतं. घटनेप्रमाणे राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं, समारंभ, पदवीदान, पाहुणे. आयुष्यभर वाद घालून मतं जमवलेली बाई ती. चौसष्टाव्या वर्षी राजभवन सोडून उत्तर प्रदेशच्या धुळीत प्रचाराला जाणं हे आरामाच्या माणसाचं लक्षण नाही.

आणि संसदेत गेल्यावर गप्प बसल्या का? स्वतःच्या पक्षाच्या बाकावर बसून शास्त्रीजींच्या सरकारवर टीका केली की निर्णय घेतले जात नाहीत. १९६७ ला पुन्हा जिंकल्या, तेव्हा समोर जनेश्वर मिश्र होते, आणि १९६८ ला राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. भाचीशी, म्हणजे इंदिराजींशी, त्यांचं कधी पटलं नाही. मग डेहराडूनला जाऊन राहिल्या.

इथे गोष्ट संपली असती. पण १९७७.

आणीबाणीत त्या डेहराडूनला होत्या, वय पंचाहत्तरच्या पुढे. जानेवारी ७७ ला निवडणुका जाहीर झाल्या, फेब्रुवारीत जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले, आणि या बाई जाहीरपणे भाचीच्या विरोधात उतरल्या. सभा घेतल्या. सांगितलं की लोकशाहीच्या संस्था मोडल्या जाताहेत आणि मी घरात बसून ते बघू शकत नाही. ज्या आडनावाच्या, ज्या घराच्या जोरावर सगळं मिळालं असं आपण म्हणतो, त्याच घराच्या विरोधात उभ्या राहिल्या, आणि निकाल काय लागणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. माळरान, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असेल तर हे आहे. घराण्याने त्यांना पदं दिली हे खरं, पण घराण्यापुढे त्यांनी मान तुकवली नाही.

माळरान

हे उत्तर मला पटलं. तरी १९४७ ते ६१ च्या नेमणुकांबद्दल माझं मत तेच राहील, कारण त्या काळात दुसरी पण लायक माणसं होती आणि त्यांना भाऊ नव्हता. पण ७७ ला उभं राहणं, त्या वयात, रक्ताच्या नात्याविरुद्ध, ते सोपं नाही. आमच्या घरात वाटणीवरून काकांच्या विरोधात साक्ष द्यायची वेळ माझ्या आईवर आली होती आणि तिने दिली. त्यानंतर कित्येक वर्षं तिला त्या घरच्या लग्नाला बोलावणं नव्हतं. म्हणून मला कळतं.

काळा_डगला

माळरान, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

वाचनवेडी

त्यांच्या मधल्या मुलीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. नयनतारा सहगल, कादंबरीकार, १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. आणीबाणीच्या विरोधात त्याही लिहीत होत्या. आई आणि लेक दोघी एकाच बाजूला. वडील संस्कृत पंडित, आई राजदूत, आणि वारशात जमीनजुमला काही नाही, तरी बघा.

मला रणजितरावांबद्दल जास्त वाचायचंय. मराठीत त्यांच्यावर काही वाचायला मिळालं तर इथे नक्की टाका.

तळटीप

रातराणीताई, एक विनंती. आमसभेच्या अध्यक्षपदाबद्दल तुम्ही फक्त बातमी म्हणून लिहिलंत, पण तो काळ बघा. जुलै १९५३ ला कोरियाचं युद्ध थांबलं, युद्धकैद्यांचा प्रश्न तसाच लोंबकळत होता, ज्या कैद्यांना परत जायचं नव्हतं त्यांना सांभाळायची जबाबदारी भारताच्या सैन्याकडे, जनरल थिमय्यांकडे. म्हणजे तिकडे कोरियात थिमय्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खात होते आणि इकडे न्यूयॉर्कला अध्यक्षाच्या खुर्चीत भारतीय बाई, जिला कुणाचीच बाजू घेता येत नव्हती. अध्यक्षाला भाषणं करायची नसतात, हातोडा आपटून ज्याचा वेळ संपला त्याला खाली बसवायचं असतं, मग तो कुठल्या का महासत्तेचा असेना. स्वतंत्र होऊन सहा वर्षं झालेल्या देशासाठी हे केवढं होतं ते आज कळणार नाही.

तुमच्या आजीला मात्र कळलं होतं, म्हणून तर कापून ठेवलं.

रातराणी

तळटीप, धन्यवाद, हे राहिलंच होतं माझ्याकडून.

कात्रण स्कॅन करून टाकलंय, वरच्या लेखात जोडलंय. घडीवर फाटू नये म्हणून काचेखाली ठेवून फोटो काढला. वाचनवेडी, राजतरंगिणीची ती जुनी प्रत आमच्या गावच्या लायब्ररीत निघाली, कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, पानं हात लावला की तुटतायत. ग्रंथपालांनी घरी न्यायला दिली नाही, बरोबरच केलं, पण टेबलावर बसून वाचू दिली. जवाहरलाल नेहरूंनी तिला प्रास्ताविक लिहिलंय, मेव्हण्याच्या पुस्तकाला, दोघांच्याही आयुष्यातली ती तुरुंगाची वर्षं. मागे नोंदीच्या कागदावर शेवटचा शिक्का १९७१ चा आहे. त्याखाली आता माझी तारीख पडली.

बाई १ डिसेंबर १९९० ला डेहराडूनला वारल्या. तेव्हा आजी होती. ती बातमी तिने कापून ठेवली होती का ते बघायला ट्रंक पुन्हा उपसली, सापडली नाही. पण त्या सुमाराला तिचे डोळे गेले होते, पेपर मी वाचून दाखवायचे, आणि ही बातमी मी तिला वाचून दाखवली की नाही ते मला आता काही केल्या आठवत नाही.